विक्री पूर्ण केव्हा होते?

सोसायटीच्या फाटकावरून फोन आला, "अक्का, रिटर्न इदे. बन्नि." ताई, परतीचा माल आहे, या. खाली गेले, तर डिलिव्हरीचा मुलगा दुचाकीवरच्या पोत्यातून एकेक पाकीट काढून रक्षकाच्या केबिनच्या कट्ट्यावर ठेवत होता. पाकिटं माझीच होती. लेबल मीच छापलेलं, चिकटपट्टी मीच ओढलेली. काही तर अजून गिऱ्हाइकाच्या घरी पोचायच्या वाटेवर असतील, अशीच माझी समजूत होती. मुलाला घाई होती. "मॅडम, ओटीपी बोलिए, आगे बहुत स्टॉप हैं." तो आकडा सांगताना मी नेमकं काय मान्य करत होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाकिटं उचलून लिफ्टमध्ये शिरले, तेव्हा डोक्यात एकच प्रश्न होता: असं का झालं?

मी मूळची कोल्हापूरची. लग्नानंतर बेंगळुरूला आले आणि आता बेळ्ळंदूरला राहते. गुळेदगुड्डचा खण आणून लहान मुलींचे फ्रॉक आणि परकर-पोलकी शिवून घ्यायची आणि ऑनलाइन विकायची, असा माझा छोटा व्यवसाय आहे. खण विणला जातो कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात, आणि त्याच्यावर जीव महाराष्ट्राचा. दोन्हीकडची मी असल्यामुळे हे काम मला मनापासून आवडतं. बाह्यवळण रस्त्याला लागून असलेल्या आमच्या भागात मोठमोठी ऑफिसं आहेत. देवरबिसनहळ्ळीच्या एम्बसी टेक व्हिलेजमध्ये फ्लिपकार्टचं मुख्यालय आहे, पलीकडे कडुबिसनहळ्ळीला मीशोचं. देशभरच्या ऑनलाइन खरेदीचा मोठा कारभार ज्या रस्त्यावरून चालतो, त्याच रस्त्याच्या आतल्या गल्लीत, दोन खोल्यांच्या घरात, माझं कपाटभर दुकान आहे. मी ज्या कंपनीमार्फत विकते तिचं नाव इथे घेत नाही. जे सांगायचं आहे, ते कुठल्याही मार्गाने विकणाऱ्या छोट्या माणसाच्या वाट्याला येतं.

घरी येऊन पाकिटं जमिनीवर मांडली आणि गोंधळ आणखी वाढला, कारण ती सगळी एका जातीची नव्हती. काहींचं तोंड मुळी उघडलंच नव्हतं. काही उघडून पुन्हा चिकटवलेली होती. एकातला फ्रॉक जसाच्या तसा, घडीसुद्धा न मोडलेला. दुसऱ्याचा टॅग कापलेला आणि गळ्यापाशी कुंकवाचा डाग. तिसऱ्यात माझा फ्रॉक नव्हताच. कुणाचा तरी जुना टी-शर्ट होता. आणि एक पाकीट तर माझं नव्हतंच. त्याच्यावर दुसऱ्याच विक्रेत्याचं नाव होतं, पोत्यात चुकून मिसळलेलं. सेलर पॅनल, म्हणजे कंपनीच्या साइटवरचं माझं विक्रीखातं, उघडलं, तर काहींपुढे 'आरटीओ' लिहिलेलं, काहींपुढे 'कस्टमर रिटर्न', आणि खात्यात जमा होणार म्हणून दाखवलेली रक्कम आक्रसलेली. विकायचं कसं, हे शिकवणारं साहित्य भरपूर मिळतं. परत आलेल्या मालाचं काय करायचं, हे मात्र कुणी नीट समजावून सांगत नाही.

माझे मामा निपाणीला साड्यांचं दुकान चालवतात. रात्री त्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, ही तर जांगड झाली. लग्नसराईत आपल्या दुकानातनं साड्यांचा गठ्ठा लोकांच्या घरी जातो का नाही? घरातल्या बायका बघतात, दोन ठेवून घेतात, बाकीच्या परत येतात. गठ्ठा दुकानाबाहेर गेला म्हणून मी कधी विक्री धरली का? जांगडवहीत लिहायचं. परत आलं की काट मारायची. ठेवून घेतलं, की मग विक्री. तुझ्या वहीत तो खानाच न्हाई, एवढंच."

त्या रात्री मला नीट झोप लागली. मामांनी सांगितलेली गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या आपल्या बाजारपेठांत चालत आली आहे. मुंबईच्या सराफ्यात आणि हिऱ्यांच्या बाजारात आजही माल जांगडीवर फिरतो. कायद्यालाही ती मान्य आहे. मालविक्री कायदा, 1930 च्या कलम 24 मध्ये पसंतीवर दिलेल्या मालाबद्दल स्पष्ट सांगितलं आहे: घेणाऱ्याने पसंती कळवली, किंवा ठरलेली मुदत उलटेपर्यंत नकार न कळवता माल ठेवून घेतला, की मालकी त्याच्याकडे जाते. तोवर माल देणाऱ्याचाच. ऑनलाइन विक्री कागदोपत्री याच कलमाखाली येते असं मी म्हणत नाही. पण छोट्या विक्रेत्याने डोक्यात हिशेब असाच ठेवला पाहिजे. पाकीट घरातून निघालं म्हणजे विक्री झाली नाही. पाकीट पोचलं म्हणजेही झाली नाही. परतीची मुदत संपली, की विक्री झाली. हे एकदा पक्कं बसलं, की परत आलेलं पाकीट संकट वाटत नाही; ते वहीतल्या एका खान्यातून दुसऱ्या खान्यात जातं.

मग मी वही केली. पॅनल सगळं दाखवतं, पण हाताने लिहिल्याशिवाय मला दिसत नाही. ऑर्डर क्रमांक, कुरिअरचा एडब्ल्यूबी (एअरवे बिल) नंबर, निघाल्याची तारीख, परतीची मुदत संपण्याची तारीख. आणि पाकीट परत आलंच, तर दोन वेगळे खाने: पॅनलवर दिलेलं कारण आणि पाकिटात प्रत्यक्ष सापडलेली स्थिती. या दोन खान्यांतलं अंतर हीच पुढे माझी खरी शिकवणी ठरली.

पहिली गोष्ट कळली ती अशी, की 'आरटीओ' आणि 'कस्टमर रिटर्न' या दोन अगदी वेगळ्या घटना आहेत. आरटीओ म्हणजे रिटर्न टू ओरिजिन. पाकीट गिऱ्हाइकाच्या हातात गेलंच नाही. घराला कुलूप होतं, फोन उचलला नाही, पत्ता सापडला नाही, किंवा दारात आल्यावर "नको" म्हटलं. हा माल सहसा नवाकोरा परत येतो. नुकसान होतं ते वाहतुकीचं, पॅकिंगचं आणि वेळेचं. कस्टमर रिटर्नमध्ये माल घरात गेला, उघडला, अंगाला लावून पाहिला आणि मग परत निघाला. इथे मालाची स्थिती हाच प्रश्न असतो. दोन्हींचे नियम, वाहतुकीचा भार आणि तक्रारीची मुदत वेगवेगळी असते आणि प्रत्येक कंपनीगणिक बदलते. म्हणून करार वाचताना परतीचं प्रकरण सगळ्यात आधी वाचावं, असं मी प्रत्येक नव्या विक्रेतीला सांगते.

आरटीओ बहुतेक वेळा येतो तो कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरींत. पैसे आधी दिलेले नसले, की नकार देणं सोपं असतं. आपल्याकडे ऑनलाइन खरेदीत ही सोय 2010 पासून फ्लिपकार्टने रुळवली आणि कार्ड नसलेल्या कोट्यवधी घरांसाठी दार उघडलं, म्हणून तिला नावं ठेवणं मला पटत नाही. तिची मुळंही खूप जुनी आहेत. भारतीय टपाल खात्याने व्हॅल्यू पेएबल पोस्ट 1877 मध्ये सुरू केलं. मराठी पुस्तकांच्या आणि औषधांच्या जाहिरातींत 'व्ही. पी.ने मागवा' ही ओळ कितीतरी पिढ्यांनी वाचली आहे. पोस्टमन दारात पैसे घ्यायचा आणि पार्सल द्यायचा. घेणाऱ्याने नाकारलं, की पार्सल परत प्रकाशकाच्या दारात आणि टपालखर्च प्रकाशकाच्या अंगावर. 'व्ही. पी. परत आली' हे दुःख मराठी प्रकाशकांना शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. कट्ट्यावरची माझी पाकिटं त्याच परंपरेतली आहेत, हे कळल्यावर एकटेपणा बराच कमी झाला.

आरटीओचं दुसरं मोठं कारण पत्ता. 'मारुती मंदिराजवळ', 'पाण्याच्या टाकीमागे' एवढंच लिहिलेले पत्ते येतात. पिनकोड चुकलेला असतो. पाकीट भलत्याच केंद्रात जातं, तिथे पडून राहतं आणि परत फिरतं. पिनकोडची रचना एका मराठी माणसाने केली, हे मला या निमित्ताने समजलं. संस्कृतचे पंडित आणि कवी श्रीराम भिकाजी वेलणकर केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अधिकारी होते. त्यांनी आखलेली ही सहा आकडी पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी लागू झाली. गावांची सारखी नावं, वेगवेगळ्या भाषा आणि वाचता न येणारी अक्षरं यांतून पत्र नेमकं पोचावं, म्हणून ती काढली. बेळ्ळंदूरचा पिनकोड 560103. त्यातला 5 दक्षिणेचा विभाग सांगतो, पहिले तीन आकडे मिळून बेंगळुरूचा छाननी जिल्हा, आणि शेवटचे तीन नेमकं टपाल कार्यालय. आता मी ऑर्डर आली, की पत्त्यातलं गाव आणि पिनकोड जुळतात का, ते आधी पाहते. जुळत नसतील आणि कंपनीची पद्धत परवानगी देत असेल, तर गिऱ्हाइकाला संदेश पाठवून खूण विचारून घेते. पाकीट निघण्यापूर्वीचं हे दोन मिनिटांचं काम पुढचा दोन्हीकडचा प्रवास वाचवतं.

कस्टमर रिटर्न हाताळताना शिस्त जास्त लागते. आता रक्षकाला आणि डिलिव्हरीच्या मुलाला सांगून ठेवलं आहे, की पाकिटं मोजून आणि एडब्ल्यूबी नंबर पॅनलशी ताडून मगच मी ओटीपी देईन. मुलं सुरुवातीला कुरकुरतात. "स्वल्प बेग माडि, अक्का," जरा लवकर करा, म्हणतात. पण यादी मी आधीच काढून ठेवलेली असते, त्यामुळे त्यांचाही वेळ जात नाही. माझ्या यादीत नसलेलं पाकीट मी घेत नाही. दुसऱ्या विक्रेत्याचं पाकीट उघडायचं नाही. तिथल्या तिथे परत द्यायचं, आणि घरी आल्यावर ध्यानात आलंच, तर फोटो काढून त्याच दिवशी कळवायचं. ते पाकीट कुठेतरी कुणाला तरी वाट पाहायला लावतं आहे, हे मला आता अनुभवाने कळतं.

घरात पाकीट उघडताना मोबाइल स्टँडवर लावून सलग, मध्ये न तोडता व्हिडिओ काढायचा. आधी पाकिटाच्या सगळ्या बाजू, मग लेबल आणि बारकोड वाचता येईल असं जवळून, मग शिवण किंवा पट्टी कापताना, मग आतली वस्तू उलटसुलट करून, टॅगसकट. वजनकाटा असेल, तर बंद पाकिटाचं वजनही त्याच व्हिडिओत. पाठवतानाही असाच छोटा व्हिडिओ काढून ठेवला, तर दोन्ही शेजारी ठेवून दाखवता येतात. जुन्या टी-शर्टसारख्या प्रकरणात दावा मंजूर होतो तो अशाच पुराव्यावर. दावा करायची मुदत थोडी असते, म्हणून परत आलेलं पाकीट कोपऱ्यात ढकलून ठेवायचं नाही, त्याच संध्याकाळी उघडायचं.

मग वर्गवारी. माझ्याकडे तीन खोकी आहेत: जसाच्या तसा परत विकता येणारा माल; इस्त्री, नवा टॅग, नवं पाकीट लागणारा माल; आणि विकता न येणारा. ही खोकी मी फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवते.

वही भरत गेली, तसे पॅनलवरच्या कारणांमागचे अर्थ उलगडत गेले. 'रंग वेगळा' हे कारण वारंवार दिसायचं. खणाचं वैशिष्ट्यच असं, की उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो. कापड हललं, की रंग बदलल्यासारखा दिसतो. फोटोत यातला एकच रंग पकडला जातो. आता मी दिवसाच्या उजेडात दोन बाजूंनी फोटो काढते आणि कापड हातात हलवून दाखवणारा छोटा व्हिडिओ जोडते. 'माप बसलं नाही' याच्यासाठी वयाऐवजी छाती, उंची आणि खांद्याचं माप इंचांत देते, कारण चार वर्षांच्या दोन मुली एका अंगाच्या कधीच नसतात. त्यानंतर ही दोन्ही कारणं वहीत विरळ होत गेली. परत आलेलं पाकीट गिऱ्हाइकाचं उत्तर असतं, आणि ते मन लावून वाचावं लागतं, हे तेव्हा पटलं.

कुंकवाचा डाग असलेला फ्रॉक गणपतीनंतर आला होता. पॅनलवर कारण 'आवडला नाही'. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. सणाला लेकीला नटवायची हौस मी समजू शकते; तीच हौस माझ्या कामाच्या मुळाशी आहे. पण तो फ्रॉक शिवणारी बाई माझ्याच भागात राहते, तिची शिलाई मी देऊन बसलेली असते, आणि डाग पडलेला फ्रॉक दुसऱ्या कुणाच्या लेकीला नवा म्हणून देणं मला शक्य नाही. तेव्हापासून टॅग दर्शनी भागी, गळ्याजवळ असा शिवून घेते, की तो काढल्याशिवाय फ्रॉक घालून मिरवता येणार नाही, आणि टॅग असेल तरच परत, हे वर्णनात ठळक लिहिते.

याचा पैशांवर काय परिणाम होतो, ते एका साध्या उदाहरणाने सांगते. समजा फ्रॉकची किंमत 600 रुपये. कापड आणि शिलाई 300, पाकीट, कमिशन, पाठवणी 100. दर फ्रॉकमागे 200 रुपये उरतात असं वाटतं. दहा पाठवले, आठ राहिले, दोन परत आले. आठांचे 1,600. जाण्या-येण्याची वाहतूक दर पाकिटाला 120 आणि पुन्हा पॅकिंगला 30 धरले, तर दोनांचे 300 गेले. त्या दोनांतला एक खराब निघाला, तर कापड-शिलाईचे आणखी 300. हातात राहिले 1,000. म्हणजे पाठवलेल्या दर फ्रॉकमागे 200 नव्हे, 100. किंमत ठरवताना हा हिशेब आधीच धरावा लागतो. जांगडीवर माल देणारा दुकानदार हे जाणून असतो.

कराचा हिशेबही याच तत्त्वावर चालतो. राज्याबाहेर माल विकायचा, तर जीएसटी नोंदणी लागते. प्लॅटफॉर्म विक्रीवर कर कापून भरतो, त्याचा दर 10 जुलै 2024 पासून अर्धा टक्का आहे, आणि तो परत आलेला माल वजा करून उरलेल्या निव्वळ विक्रीवर मोजायचा असतो. म्हणून महिनाअखेर माझी वही आणि कंपनीचा तक्ता मी ओळीने ताडून पाहते. परतीची एखादी नोंद सुटली, तर न झालेल्या विक्रीवर कर भरला जाईल.

गिऱ्हाइकाचा परतीचा हक्क मला मान्य आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे माल सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा दिलेल्या वेळेनंतर पोचला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. असंच हवं. मीही गिऱ्हाईक आहे. न पाहता, न चाचपता, अनोळखी माणसाकडून कापड मागवायचं, तर परतीचा विश्वास हवाच. त्या विश्वासावरच गडचिरोलीची किंवा गुवाहाटीची आई माझ्यासारखीकडून फ्रॉक मागवते.

पण मामांच्या जांगडीत आणि या जांगडीत एक फरक आहे, आणि तो मला सतत जाणवतो. मामांच्या दुकानात साडी परत आली, की ते गिऱ्हाइकासमोर गादीवर उलगडून पाहतात. घडी मोडली का, फॉल लावला का, अत्तराचा वास येतो का. जे काय ते समोरासमोर ठरतं, दोघांच्या डोळ्यांदेखत. माझं गिऱ्हाईक आणि मी एकमेकींना कधीच भेटत नाही. आमच्या मध्ये कंपनी आहे, कुरिअर आहे, आणि माल कुठल्या स्थितीत परत निघाला, हे पाहायची एकमेव जागा गिऱ्हाइकाच्या दारातच आहे. परतीचं पाकीट उचलताना तिथे उघडून पाहणं, मूळ फोटोशी ताडणं, टॅग आहे का ते बघणं, हे काम काही ठिकाणी होतं, काही ठिकाणी घाईत राहून जातं. ते प्रत्येक पाकिटाबाबत झालं पाहिजे, आणि ते करणाऱ्या मुलाला त्यासाठी वेळ आणि मोबदला मिळाला पाहिजे. तपासणीचं ओझं शेवटच्या टोकाला असलेल्या सगळ्यात छोट्या विक्रेत्यावर टाकून ही साखळी निकोप राहणार नाही.

गिऱ्हाइकांकडे माझं एकच मागणं आहे. परत करताना यादीतलं पहिलं कारण दाबून मोकळं होऊ नका. खरं कारण लिहा. बाही घट्ट होती, अस्तर टोचलं, रंग मनात होता तसा नव्हता, मुलीनेच नको म्हटलं, काहीही असो. तुमची ती एक ओळ माझ्या वहीत येते आणि पुढचा फ्रॉक सुधारून जाते.

आणि जी कुणी घरातून आज विकायला सुरुवात करते आहे तिला हे सांगेन: पहिलं पाकीट पाठवण्याआधी परतीचा खाना आखून ठेव. मालाची मोजणी, किंमत, कर आणि घरखर्चाला काढायची रक्कम, सगळं परतीची मुदत संपल्यानंतरच्या आकड्यावर बांध. परत आलेली पाकिटं कमी करता येतात, बंद करता येत नाहीत. ती येणारच हे धरून ज्या बाईने हिशेब मांडला, तिचा व्यवसाय टिकतो.